अपवेलिंगच्या पाण्यातल्या प्राणिप्लवकांना रोज किती खावं लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: किनाऱ्यालगत वाऱ्यामुळे खोलचं थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं, यालाच अपवेलिंग म्हणतात. त्या पाण्यावर डायटम (एकपेशीय सूक्ष्म शैवाल) फोफावतात आणि समुद्र हिरवागार होतो. एवढं अन्न असताना तिथल्या प्राणिप्लवकांना, म्हणजे कोपेपॉड आणि कोळंबीसारखे दिसणारे क्रिल या लहान कवचधारी प्राण्यांना, ऊर्जेची चणचण कधी भासते का? आणि त्यांची गरज काढायची असेल तर उपग्रहावरून मिळणाऱ्या क्लोरोफिलच्या (वनस्पतिप्लवकांतल्या हिरव्या रंगद्रव्याच्या) आकड्यावर भागेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नाही भागणार. पहिल्याचं उत्तर 'हो, भासते, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप वेळा'. या प्राण्यांचा खर्च तासातासाला चालू असतो आणि आवक मात्र वाऱ्याच्या लहरीवर असते. वर्षाची बेरीज केली तर अन्न मुबलक दिसतं. पण कोपेपॉड वर्षाच्या सरासरीवर जगत नाही, त्याला आजचं आज लागतं.

आधी हिशेबाची चौकट. खाल्लेल्या अन्नातून विष्ठा आणि उत्सर्जन वजा केलं की जे उरतं त्यातून श्वसन, वाढ, अंडी आणि कात या सगळ्यांचा खर्च भागवायचा असतो. सोव्हिएत जीवशास्त्रज्ञ विनबर्ग यांनी १९५६ मध्ये माशांसाठी हा ताळेबंद मांडला, प्लवकांनाही तोच लागू पडतो. आम्ही तो सहसा कार्बनमध्ये मांडतो, कारण खाणं, श्वास आणि अंडी एकाच मापात येतात.

एक उदाहरण करून बघू. आकडे मी सोयीसाठी गोल घेतले आहेत, पण ते वास्तवापासून फार दूर नाहीत. कॅलॅनस या कोपेपॉडची एक प्रौढ मादी घ्या, अंगात १०० मायक्रोग्रॅम कार्बन. चौदा अंश सेल्सियसच्या पाण्यात ती श्वसनात रोज अंगच्या कार्बनच्या ६ टक्के खर्च करते असं धरू, म्हणजे ६ मायक्रोग्रॅम. ऑक्सिजनच्या भाषेत हे दिवसाला साधारण साडेबारा मायक्रोलिटर, आणि ऊर्जेच्या भाषेत पाव ज्यूल. ती बऱ्यापैकी अंडी घालत असेल तर त्यात आणखी १० मायक्रोग्रॅम जातात. एका अंड्याला पाव मायक्रोग्रॅम धरलं तर ही चाळीस अंडी झाली. एकूण गरज १६. खाल्लेल्यातलं ७० टक्केच अंगी लागतं असं मानलं, तर तिला रोज सुमारे २३ मायक्रोग्रॅम कार्बन गिळावा लागतो, म्हणजे अंगच्या कार्बनचा जवळजवळ पाव हिस्सा. नुसतं जिवंत राहायचं, अंडी घालायची नाहीत असं ठरवलं तरी साडेआठ लागतातच.

आता हे २३ मायक्रोग्रॅम मिळवायचे कुठून? पाण्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम क्लोरोफिल आहे आणि कार्बनचं क्लोरोफिलशी प्रमाण ५० आहे असं धरा. मग लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम कार्बन झाला, आणि आपल्या मादीला दिवसाला ४६० मिलिलिटर पाणी गाळावं लागेल. तीन मिलिमीटरच्या आसपासच्या प्राण्यासाठी हे काम अवघड आहे, पण अशक्य नाही. क्लोरोफिल १० मायक्रोग्रॅम असेल तर ४६ मिलिलिटर पुरतात, ती मजेत जगते. उलट क्लोरोफिल ०.३ वर आलं तर नुसत्या श्वसनाची भरपाई करायलाही ५७० मिलिलिटर लागतात, आणि तिथे तिचा ताळेबंद तोट्यात जातो.

हे ०.३ कुठे सापडतं? नेमकं अपवेलिंगच्या गाभ्यात. नवख्या अभ्यासकांचा गोंधळ इथेच होतो. नुकतंच वर आलेलं पाणी पोषकद्रव्यांनी भरलेलं असतं, पण ते अंधारातून आलेलं असतं, त्यात वनस्पतिप्लवक नावापुरतेच असतात. डायटमची वाढ पकडायला काही दिवस जातात. तोवर ते पाणी वरच्या थरातून किनाऱ्यापासून दूर सरकत असतं, कारण पाणी वर आणणारा वाराच वरचा थर बाहेर ढकलतो. एकमनने १९०५ मध्ये दाखवलेलं वहन ते हेच. म्हणजे ताजं पाणी उपाशी असतं, पिकलेलं पाणी दूर असतं, आणि वारा थांबला की दोन्ही पुन्हा एकमेकांत मिसळतात. कॅलिफोर्निया-ओरेगॉनच्या किनाऱ्यावर वाऱ्याचे हे आवेग काही दिवसांचे असतात. पेरूजवळ अपवेलिंग जवळजवळ वर्षभर चालतं. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, दक्षिण बेंगेलात, ते उन्हाळ्यात आवेगांनी येतं, आणि सोमालियाच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे काही महिने. प्रत्येक ठिकाणी 'किती दिवस उपाशी राहावं लागेल' याचं उत्तर वेगळं आहे, आणि मला विचाराल तर ऊर्जेची गरज समजून घेताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच.

अन्न वाढलं म्हणून खाणं त्याच प्रमाणात वाढत नाही, हेही लक्षात असू द्या. ब्रूस फ्रॉस्ट यांनी १९७२ मध्ये कॅलॅनस पॅसिफिकसवर केलेले प्रयोग अजून वाचण्यासारखे आहेत. अन्नाची घनता वाढवत नेली तर खाणं वाढतं आणि एका पातळीला सपाट होतं. पेशी मोठ्या असतील तर ही पातळी कमी घनतेलाच गाठली जाते. याचा अर्थ असा की क्लोरोफिल १० वरून ३० वर गेलं तर नकाशावर तो भाग लाल दिसेल, पण कोपेपॉडला त्याचा काडीचा फायदा नाही. त्याचं पोट आधीच भरलंय. आणि नंतर क्लोरोफिल ०.३ झालं की त्या जास्तीच्या वीसाची भरपाई मिळत नाही. म्हणून ३० आणि ०.३ यांची सरासरी काढून 'सरासरी १५, अन्न भरपूर' असं लिहिणं चूक आहे. मी हे परीक्षक म्हणून वाचलेल्या बऱ्याच प्रबंधांत पाहिलंय.

मग हे प्राणी तगतात कसे? यात ढोबळ दोन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा हातावर पोट असणाऱ्यांची. अकार्शिया हा कोपेपॉड त्यातला नमुनेदार. अंगाने लहान, तेलाचा साठा जवळजवळ नाही, अंगच्या वजनाच्या मानाने श्वसन जास्त. अन्न मिळालं की लगेच अंडी, अन्न तुटलं की एक-दोन दिवसांत अंडी बंद. पिढी लवकर पुरी होते, म्हणून नुकसानही लवकर भरून निघतं. हा जुगार किनाऱ्याला चिकटून राहिलात तरच परवडतो. वरच्या वीसेक मीटरच्या थरात पडून राहिलं तर पाण्याबरोबर बाहेर वाहून जाणार. थोडं खाली उतरलं तर किनाऱ्याकडे येणारा प्रवाह परत आणतो. पीटरसन, मिलर आणि हचिन्सन यांनी १९७९ मध्ये ओरेगॉनच्या अपवेलिंग पट्ट्यात कोपेपॉड आपापली जागा कशी टिकवतात याचा माग काढला, तो या दृष्टीने जरूर पाहा. योग्य खोलीला राहणं हा ऊर्जेच्याच हिशेबाचा भाग आहे. पोहायला लागणारी ऊर्जा तुलनेने किरकोळ, चुकीच्या पाण्यात अडकण्याची किंमत मोठी.

दुसरी तऱ्हा पुंजी बाळगणाऱ्यांची. कॅलॅनस, कॅलॅनॉइडिस या कोपेपॉडच्या पाचव्या कोपेपॉडाइट अवस्थेत (प्रौढ होण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात) पाठीच्या बाजूने तेलाची लांबट पिशवी असते. आत बहुतांशी वॅक्स एस्टर, म्हणजे मेणासारखा मेद. ग्रॅममागे मेदातून साधारण ३९ किलोज्यूल मिळतात, प्रथिनांतून २४ च्या आसपास, कर्बोदकांतून १७. साठा करायचा तर मेदच करायचा, यात आश्चर्य नाही.

आपल्याच उदाहरणातल्या प्राण्याच्या अंगी ४० मायक्रोग्रॅम कार्बन तेलाच्या रूपात आहे असं समजा. पृष्ठभागावर रोज ६ जात असतील तर साठा आठवडाभरही पुरत नाही. उपाशी प्राण्याचा श्वास काही दिवसांनी मंदावतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त टिकेल, पण फार नाही. आता त्याला सहा अंशांच्या पाण्यात खाली न्या. तापमान दहा अंशांनी उतरलं की श्वसन निम्मं होतं असा ढोबळ नियम धरला तर आठ अंशांच्या फरकाने खर्च ३.४ वर येतो, साठा बारा दिवस पुरतो. त्यावर सुप्तावस्थेने चयापचय आणखी चौथाईवर आणला तर रोजचा खर्च एक मायक्रोग्रॅमच्याही खाली जातो आणि तोच साठा दीड महिना चालतो. खऱ्या सुप्त प्राण्यांत अंगाच्या मानाने तेल याहून जास्त असतं, त्यामुळे महिनेच्या महिने निघतात. थंडी आणि सुप्तावस्था या दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा परिणाम गुणाकाराने होतो. नुसत्या तापमानावरून खोलीवरच्या प्राण्यांचं श्वसन काढणारे लोक त्यांचा खर्च कित्येक पटींनी जास्त धरतात.

कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रातल्या सांता बार्बरा खोऱ्यात ॲलिस ऑलड्रेज आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशा सुप्त कॅलॅनस पॅसिफिकसचा दाट पट्टा प्रत्यक्ष पाण्यात उतरून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. सुमारे ४५० मीटर खोलीवर, तळाच्या वर, जाडी वीसेक मीटर. बेंगेलात आणि सोमालियाजवळ कॅलॅनॉइडिस हेच करतो. अपवेलिंगचा हंगाम संपला की पाचव्या अवस्थेतले प्राणी शेकडो मीटर खाली जातात, आणि पुढच्या हंगामात तेच खोलचं पाणी त्यांना वर किनाऱ्याकडे आणतं. हंगाम परतेपर्यंत पुंजी पुरली पाहिजे, एवढाच त्यांचा सगळा डाव.

क्रिल यांपैकी कशातच नीट बसत नाहीत. त्यांच्याकडे तेल कॅलॅनसइतकं नसतं, पण आकार मोठा असल्याने अंगच्या मानाने खर्च कमी. मात्र त्यांना आयुष्यभर कात टाकावी लागते, आणि युफॉशिया पॅसिफिकासारख्या जातीत ती काही दिवसांआड येते. रूबेन लास्कर यांनी १९६६ मध्ये याच जातीचा कार्बनचा ताळेबंद मांडला तेव्हा सर्वांत मोठा वाटा श्वसनाचा निघाला, पण कातीचा वाटाही दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. अन्न नसेल तर क्रिल कात टाकताना चक्क आखूड होतात. अंटार्क्टिक क्रिल उपाशी ठेवून २११ दिवस जगल्याचं इकेडा आणि डिक्सन यांनी १९८२ मध्ये दाखवलं होतं. युफॉशिया पॅसिफिकातही आखडणं दिसतं. त्यामुळे क्रिलच्या लांबीवरून वय काढणाऱ्यांची पंचाईत होते ती वेगळीच.

आता क्लोरोफिलवर भागत नाही असं का म्हटलं ते सांगतो. कोपेपॉडचं पोट नुसत्या डायटमवर चालत नाही. क्लोरोफिल नसलेले सिलिएट (केसाळ एकपेशीय जीव) आणि इतर सूक्ष्म प्राणिप्लवक ते आवडीने पकडतात. हे सूक्ष्म जीव स्वतः खादाड आहेत. कॅल्बेट आणि लँड्री यांनी २००४ मध्ये जगभरची मोजमापं एकत्र केली, तेव्हा किनारी पाण्यांतही रोजच्या वनस्पती-उत्पादनापैकी साधारण ६० टक्के हेच खातात असं दिसलं. त्याआधी कॅल्बेट यांनीच मोठ्या प्राणिप्लवकांसाठी असा आढावा घेतला होता. तिथे अत्यंत उत्पादक पाण्यात वाटा सुमारे १० टक्के निघाला, आणि गरीब पाण्यात २० टक्क्यांहून थोडा जास्त. श्रीमंत पाण्यात वाटा कमी, हे उलटं वाटतं. पण वर जे भरल्या पोटाचं सांगितलं त्याचाच हा परिणाम आहे, शिवाय डायटम दिवसांत वाढतात आणि कोपेपॉडची पिढी आठवड्यांत. पीक आलं तेव्हा खाणारी तोंडं पुरेशी नसतात. तोंडं वाढतात तोवर पीक तळाशी बसलेलं किंवा दूर वाहून गेलेलं असतं.

एक चौरस मीटरच्या पाण्याखाली २ ग्रॅम कार्बनएवढे कोपेपॉड आणि रोजचं वनस्पती-उत्पादनही २ ग्रॅम धरलं, तर वरच्या हिशेबाने त्यांची मागणी ०.४६ ग्रॅम येते, म्हणजे उत्पादनाच्या २३ टक्के. चराईच्या मोजमापांत दहाच टक्के दिसतात. उरलेली तफावत पाहून काहींना वाटतं की श्वसनाची मोजणी चुकली. कधी चुकलेली असतेही. पण बऱ्याचदा एकीकडे फरक सिलिएटमधून भरून निघतो, आणि दुसरीकडे आपण धरलेली 'सगळ्याच माद्या बऱ्यापैकी अंडी घालताहेत' ही समजूत खोटी असते.

इथे एक जुनी गोष्ट जोडून सांगतो. जॉन राइथर यांनी १९६९ मध्ये अपवेलिंग भागांत इतके मासे का, याचं उत्तर 'आखूड अन्नसाखळी' असं दिलं. मासे थेट वनस्पतिप्लवक खातात, म्हणून साखळीत सरासरी दीडच कडी आणि प्रत्येक कडीची कार्यक्षमता २० टक्के. पुढे २००८ मध्ये एस्पिनोझा आणि बर्ट्रांड यांनी पेरूच्या अँकोव्हेटा या माशाच्या पोटातलं अन्न संख्येऐवजी कार्बनमध्ये मोजलं. पोटात डायटम असंख्य, पण कार्बनचा जवळजवळ सगळा वाटा प्राणिप्लवकांचा, त्यात क्रिलवर्गीय सुमारे दोन तृतीयांश आणि कोपेपॉड चौथाईच्या आसपास. म्हणजे जो मासा डायटमवर जगतो असं पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं, तो मुळात कोपेपॉड आणि क्रिल यांच्या शिलकीवर जगतो. वीस टक्क्यांच्या हिशेबात एक कडी वाढली की वर पोचणारी ऊर्जा पाचव्या हिश्श्यावर येते, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

अन्नाच्या दर्जाबद्दल फार लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. एवढंच की कार्बन पुरेसा असूनही ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं कमी पडली तर अंडी कमी होतात. डायटमकडून ईपीए भरपूर मिळतं, डीएचएसाठी फ्लॅजेलेट (शेपटीसारख्या तंतूने पोहणारे एकपेशीय जीव) बरे. डायटममधली ॲल्डिहाइड अंड्यांना मारक ठरतात असं १९९९ मध्ये मिराल्टो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं तेव्हा मोठी खळबळ झाली. २००२ मध्ये इरिगोयेन आणि सहकाऱ्यांनी समुद्रात तसा सरसकट परिणाम दिसत नाही असं मांडलं. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण समुद्रात कोपेपॉडला एकाच जातीच्या डायटमवर राहायची सक्ती नसते.

तापमानाचा मुद्दा मात्र सोडता येत नाही. गरम पाण्यात खर्च वाढतो, हे सगळे जाणतात. अन्न भरपूर असेल तर खाण्याची गतीही वाढते आणि वाढ उलट जोरात होते. पण अन्न तुटपुंजं असेल तर फक्त खर्च वाढतो. अपवेलिंग मंदावतं तेव्हा पाणी गरम आणि अन्न कमी, हे दोन्ही एकदमच घडतं. प्राण्याला कात्रीत पकडणारी ही जोडी एल निन्योत दिसते, आणि २०१४ ते २०१६ च्या ईशान्य प्रशांतमधल्या उष्ण लाटेतही दिसली. ओरेगॉनच्या न्यूपोर्ट रेषेवर (किनाऱ्यापासून बाहेर जाणाऱ्या, नमुने घ्यायच्या ठरलेल्या ठिकाणांच्या रांगेवर) बिल पीटरसन यांच्या गटाने १९९६ पासून दर काही आठवड्यांनी घेतलेले नमुने सांगतात की थंड वर्षांत कॅलॅनस मार्शली, स्यूडोकॅलॅनस असे तेलकट कोपेपॉड येतात आणि गरम वर्षांत दक्षिणेकडचे लहान, कमी तेलाचे. एकूण वजन एकवेळ फारसं बदलणार नाही, पण सॅमनच्या पिल्लांच्या आहाराच्या दृष्टीने पाण्यातली ऊर्जा बदललेली असते.

ऑक्सिजनचंही तसंच. पेरूच्या किनाऱ्यालगत ऑक्सिजन-न्यून थराची वरची कड कधी कधी पन्नास मीटरच्याही वर येते. युकॅलॅनस इनर्मिससारखे कोपेपॉड तिथे मुक्काम करतात, युफॉशिया म्युक्रोनाटा हा क्रिल दिवसा त्यात उतरतो आणि रात्री वर येऊन खातो. तिथे चयापचय दाबला जातो, त्यामुळे दिवसाचे बारा तास बिनहवेचे पण स्वस्तात निघतात. मात्र वर पृष्ठभागावर मोजलेला श्वसनाचा दर चोवीस तासांना गुणला की हिशेब फुगतो.

आता तुमच्या कामासाठी. श्वसन मोजताना प्राणी पकडल्यावर लगेच बाटलीत घालू नका. धडपडीत श्वास वाढलेला असतो, आणि फार वेळ थांबलात तर उपाशी राहून घटलेला असतो. काही तासांचा विसावा देऊन दोन वेगवेगळ्या अवधींना मोजा. नियंत्रण बाटलीकडे (गाळलेलं पाणी भरलेल्या, प्राणी नसलेल्या) दुर्लक्ष करू नका. एका सफरीत गाळणी फाटल्याचं माझ्या लक्षात आलं नाही, आणि जिवाणूंनी वापरलेला ऑक्सिजन मी चार दिवस कोपेपॉडच्या नावावर मांडत होतो. ऑक्सिजनबरोबर अमोनियाही मोजता आला तर उत्तम. अणूंच्या हिशेबात ऑक्सिजन-नायट्रोजनचं गुणोत्तर सोळाच्या खाली असेल तर प्राणी प्रथिनं जाळतोय, पन्नास-साठच्या आसपास गेलं तर मेदही निम्म्याने जळतोय. कोपेपॉड तेलाच्या साठ्यावर जगतोय की अंगचं मांस खर्चतोय, हे याहून स्वस्तात कळत नाही.

आणि एकच नमुना घ्यायची सोय असेल तर श्वसनही राहू द्या. पाचव्या अवस्थेतले तीसेक प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली आडवे ठेवून फोटो काढा, पट्टी दिसेल असा. तेलाच्या पिशवीचं क्षेत्रफळ काढून ते अंगाच्या क्षेत्रफळाशी ताडून बघा. वाऱ्याच्या आधी एकदा, आवेग ओसरल्यावर आठवड्याने एकदा. क्लोरोफिलच्या नकाशापेक्षा या साठ फोटोंवर मी जास्त विश्वास ठेवीन.